इंजिन बंद, जाकीट चालू

मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीच्या फाटकातून मी निघालो, तेव्हा माझ्या पोटापासून एक काळी वायर निघून मोटारसायकलच्या सीटखाली गडप झाली होती. वॉचमन पांडेजींनी आधी वायर पाहिली, मग माझा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, "साहब, तबीयत तो ठीक है?" त्यांना वाटलं, मला सलाईन लावून इस्पितळात नेताहेत आणि गाडीही मलाच चालवायला लावली आहे.

"बिल्कुल ठीक. स्वेटर चार्जिंगला लावलाय," मी म्हटलं.

माझ्या मागे सुनंदा, म्हणजे माझी बायको, बसली होती. तिनं दोन स्वेटर, एक कोट, वर पिवळी शाल आणि त्या सगळ्यावर एक अविश्वास पांघरला होता. "निघा आता," ती म्हणाली. "पांडेजींना पुढचं मी परत आल्यावर सांगीन. आलो तर."

पुण्यातल्या मंडळींना दिल्लीची थंडी सांगून कळायची नाही. पहाटे पर्वती चढताना जरा गार वारा लागला की तुम्ही कपाटातून कानटोपी काढता आणि दिवसभर सगळ्यांना फोन करून सांगता. इकडे जानेवारीत मी खोबरेल तेलाच्या बाटलीनं भिंतीत खिळा ठोकलेला आहे आणि कॅलेंडर अजून त्याच खिळ्याला लटकतंय. अंघोळीचं कढत पाणी डोक्यावर ओतलं की खांद्याशी कोमट होतं, गुडघ्याशी गार, आणि पावलावर पडतं तेव्हा त्याचा आवाज येतो. घरं सगळी मे महिन्यासाठी बांधलेली. दिल्लीकराला विचारा, घरात थंडीचा बंदोबस्त काय? तो रजईतून बोट काढून रजईकडेच दाखवतो, आणि बोट काढल्याचा त्याला दिवसभर पश्चात्ताप होतो.

तर अशा शहरात मोटारसायकल चालवणं हा वेडेपणा आहे, असं सुनंदाचं म्हणणं. गेल्या हिवाळ्यात ते मी सिद्धही करून दाखवलं होतं. नोएडाच्या एका वळणावर ब्रेक दाबायला गेलो, तर बोटं माझी राहिलीच नव्हती. मेंदूनं हुकूम सोडला, तो मनगटापर्यंत आला आणि तिथे गारठून बसला. गाडी सरळ गाजरांच्या हातगाडीत शिरली. गाजरवाला वाचला, मी वाचलो, मनगट नाही वाचलं. ते प्लास्टरमध्ये होतं तोवर माझ्या शर्टाची बटणं सुनंदानं लावली आणि रोज एकेक बटण लावताना एकेक वाक्य ऐकवलं. माझ्या शर्टाला बटणं फार आहेत.

या वर्षी तिनं वाक्यं नाही ऐकवली. गिऱ्हाईक शोधलं. आर. के. पुरमला तिच्या ऑफिसात वैभव नावाचा एक तरुण नुकताच रुजू झालाय, मूळ हिंगोलीचा, राहायला मुनिरक्यात. त्याला जुनी, दणकट गाडी हवी होती. "रविवारी संध्याकाळी तो बघायला येणार आहे," तिनं जाहीर केलं. "त्याआधी एकदा थंडीत लांब जाऊन धड परत येऊन दाखवा. मी मागे बसते. जमलं तर गाडी ठेवा. नाही जमलं तर किल्ली त्याच्या हातात." ती चेष्टा करत नव्हती. माझी ही गाडी मी पुण्याहून स्वतः चालवत आणली होती. वाटेत चंबळपाशी एका रानडुकरानं तिच्यापुढे मान तुकवली होती. (सुनंदा म्हणते तो दगड होता. असो.)

आता त्या जाकिटाची हकीकत. ते नेनेचं. नेने मुंबईचा, नोकरीला गुरुग्रामच्या एका काचेच्या इमारतीत, आणि त्याला जगातली प्रत्येक निरुपयोगी वस्तू सगळ्यांच्या आधी हवी असते. नेनेकडे तापणारं जाकीट आहे, तापणारे हातमोजे आहेत, तापणारे मोजे आहेत. त्याच्या नव्या जाकिटाला मोबाइलवर ॲप आहे. अंग गरम करायला ॲप! आमच्या आज्या शेकोटीला काड्या घालायच्या, हा पासवर्ड घालतो. एकदा ऐन थंडीत त्याच्या जाकिटाचं अपडेट सुरू झालं आणि ते संपेपर्यंत हा पार्किंगमध्ये फ्रीजमधल्या कोबीसारखा उभा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नेनेनं त्याचं जुनं जाकीट मला वापरायला दिलं. हे बिनॲपचं. आतून तारांचं जाळं, छातीवर एक बटण, आणि वायरची पिन गाडीच्या बॅटरीतून आलेल्या सॉकेटात खुपसायची. वायर त्यानं स्वतः येऊन बसवली आणि सूचना द्यायला लागला. "आत पातळ टी-शर्ट घाल यार. जॅकेट अंगाला चिकटून पाहिजे. वर वारा अडवणारं काहीतरी. आणि हे बघ, सगळ्यात इम्पॉर्टंट..."

"नेने," मी म्हटलं, "मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवली आहेत. स्वेटर कसा घालायचा ते तू मला शिकवू नकोस."

"ओके बॉस," तो म्हणाला आणि गप्प बसला. सगळ्यात इम्पॉर्टंट काय होतं ते त्या दिवशी राहिलं.

निघालो. बेत मुरथलचा. दिल्लीची एक रीत आहे: हिवाळ्यातल्या रविवारी गार पडायचं, मग साठ-सत्तर किलोमीटर आणखी गार पडत हरियाणात मुरथलला जायचं, तिथे ढाब्यावर परोठे खायचे, आणि परत येऊन सांगायचं की मजा आली. परोठे घरी मिळत नाहीत असं नाही. पण घरच्या परोठ्याला फोटो नसतो. नेनेची मोटारसायकलवाल्यांची टोळीही तिकडेच निघणार होती, पण ते लोक पहाटेच गेले. त्यांच्या मोज्यांची बॅटरी संपायच्या आत त्यांना पोचायचं असतं.

यमुनेच्या पुलावर वाऱ्यानं पहिली थप्पड मारली. मी जाकिटाचं बटण दाबलं. तुच्छतेनंच दाबलं, हे इथे नमूद करतो. थोडा वेळ काही झालं नाही. मी मनातल्या मनात नेनेसाठी वाक्य जुळवायला घेतलं. आणि मग पाठीच्या कण्यापाशी, अगदी खाली, एक ऊब उगवली. ती हळूहळू वर चढली, खांद्यांवर पसरली, छातीवर आली, मानेभोवती फिरली. दिवाळीच्या पहाटे आईनं पाठीला कोमट तेल लावावं तशी.

मी काही बोललो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

"काही फरक पडतोय का?" मागून सुनंदानं विचारलं. तिचे दात वाजत होते. मला आधी वाटलं, गाडीची चेन सैल झाली.

"विशेष काही नाही," मी म्हटलं. "पोराटोरांचे खेळ आहेत."

कश्मीरी गेटच्या पुढे एका पंपावर पेट्रोलला थांबलो. मी ऐटीत उतरलो आणि दोन पावलं चाललो. तिसरं पाऊल पडलंच नाही. पिन काढायची राहिली होती. खुंटाला बांधलेल्या म्हशीसारखा मी मागे ओढला गेलो आणि गाडी माझ्याकडे झुकली. पंपावरच्या माणसानं हातातली नळी तशीच वर धरली. "सर, आपमें भी डाल दूँ?" त्यानं विचारलं. सुनंदा इतकी हसली की तिची शाल ऑइलमध्ये पडली. दिल्लीत कुणी कुणाला हसल्याशिवाय पेट्रोलसुद्धा देत नाही.

सिंघूच्या, म्हणजे दिल्लीच्या हद्दीच्या, अलीकडे माझं बिंग फुटलं. सुनंदाची बोटं बधिर झाली म्हणून तिनं ती मागून माझ्या जाकिटाच्या खिशांत घातली. मग कानाशी एक किंकाळी.

"अहो! इथे तर भट्टी पेटलीय!"

"कुठे?"

"कुठे काय? तुमच्या पोटावर! मी मघापासून मागे बर्फ होऊन बसलेय आणि तुम्ही पुढे रवा भाजताय! आणि म्हणे विशेष काही नाही!"

"अगं, नुसतं कोमट आहे."

"कोमट! माझ्या बांगड्या तापल्या." पण हात तिनं काढले नाहीत. उलट कोपरापर्यंत आत घातले आणि डोकं माझ्या पाठीला टेकवलं. त्या अवस्थेत आम्ही सिंघू ओलांडलं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ती मला एवढी चिकटून बसली नव्हती, आणि तेव्हाही त्यात बॅटरीचा हात नव्हता.

कुंडलीच्या पुढे धुकं लागलं. पुण्याकडे पहाटे ओढ्यावर तरंगतं ते तुमचं नाजूक धुकं. हरियाणातलं धुकं चावून गिळावं लागतं, आणि वर ढेकर येतो तो डिझेलचा. मी हॉर्न वाजवून त्याला बाजूला व्हायला सांगितलं. झालं नाही. पुढच्या चाकाची माझी भेट होईना. रस्त्याच्या कडेला एक बंद टपरी दिसली, म्हणजे मी तिला धडकता धडकता राहिलो. तिच्यापाशी गाडी घेतली. धुकं विरेपर्यंत थांबायचं ठरलं.

आणि मी इंजिन बंद केलं.

याचा जरा खुलासा करतो. उभ्या गाडीचं इंजिन बंद करणं हा आमच्या घराण्याचा कुळाचार आहे. सिग्नलला, फाटकाला, देवळाबाहेर, उतारावरसुद्धा. आमच्याकडे उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणाऱ्या मुलाला कुणी मुलगी देत नाही. तेव्हा माझा हात आपोआप किल्लीकडे गेला. जाकीट मात्र चालू होतं, कारण नेनेनं वायर थेट बॅटरीला जोडली होती. ती किल्लीला भीत नव्हती.

"पेट्रोलही वाचतंय आणि ऊबही मिळतेय," मी म्हटलं. "याला म्हणतात डोकं. नेनेला हे सुचायचं नाही."

"खरंच," सुनंदा म्हणाली. "जरा वाढवा ना."

मी वाढवलं. सुनंदा मागून पुढे आली, आम्ही दोघं गाडीला टेकून एका जाकिटाभोवती उभे राहिलो, तिचे हात या खिशात, माझे त्या खिशात. मागचा लाल दिवा मी दुसऱ्या गाड्यांना दिसावा म्हणून किल्ली पार्किंगवर ठेवून चालूच ठेवला होता. तेवढा मी जबाबदार आहे. वैभवचा विषय निघाला. "बघू," ती म्हणाली. "आतापर्यंत तर बरं चाललंय." तिच्या 'बघू'चे वेगवेगळे अर्थ मला चांगले ठाऊक आहेत. हा त्यातला सर्वांत गोड होता. माझ्या मते गाडी वाचली होती.

मग ऊब ओसरायला लागली. आधी मानेवरून गेली, मग छातीवरून. बटण दाबलं, दिवा लुकलुकला आणि विझला. मी किल्ली फिरवली, स्टार्टर दाबला. गाडीनं 'टिक' केलं. म्हाताऱ्यानं जिभेनं करावं तसं एकदाच, नापसंतीचं. जी बॅटरी पुण्याहून दिल्लीपर्यंत मला घेऊन आली, तिचा जीव आम्ही दोघांनी मिळून अंगाला चोळून संपवला होता. या गाडीला किक नाही. आणि आता मागचा लाल दिवाही नव्हता.

तेवढ्यात तो ट्रक आला.

आवाज आधी आला, पण धुक्यात आवाज कुठून येतो ते कळत नाही. सुनंदाला माझ्या आधी कळलं. तिनं अंगावरची पिवळी शाल ओढून काढली आणि दोन्ही हातांनी वर धरून हलवायला लागली, ओरडत. मी गाडी टपरीच्या भिंतीशी रेटत होतो. मग धुक्यातून एक भिंत निघाली आणि आमच्या शेजारून गेली. ड्रायव्हरनं शेवटच्या क्षणी स्टीअरिंग ओढलं असावं. त्याच्या आरशानं शाल सुनंदाच्या हातातून हिसकून घेतली आणि शाल त्याच्याबरोबर पानिपतच्या दिशेनं गेली.

इथे अतिशयोक्ती करायची सोय नाही. होतं तेवढंच पुष्कळ होतं.

शाल धरली होती तसेच सुनंदाचे हात वर होते, ते तिनं हळूहळू खाली घेतले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडलेलं नाही.

थोड्या वेळानं एक दूधवाला आला. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, डोक्याला मफलर, भुवयांवर दव. थांबला. "के होया भाई साब?" (काय झालं, भाऊ?)

"बैटरी बैठ गई."

"खड़ी गाड़ी में के चला राख्या था?" (उभ्या गाडीत काय चालू ठेवलं होतंस?)

मी जाकिटाकडे बोट दाखवलं. त्यानं कॉलर चिमटीत धरून पाहिली, वायर पाहिली, मग सुनंदाकडे पाहून विचारलं, "भाभी जी, भाई साब इसी तरह के सैं?" (हे असेच आहेत का?)

"शुरू से," सुनंदा म्हणाली. ट्रकनंतरचं तिचं हे पहिलं वाक्य.

मी मात्र त्या माणसाच्या छातीकडे पाहत होतो. स्वेटरच्या गळ्यातून वर्तमानपत्राची घडी डोकावत होती. वारा अडवायला त्यानं छातीवर कागद घातला होता! मला भरून आलं. हेच, हेच मी नेनेला सांगत होतो. ना वायर, ना बॅटरी, ना ॲप. मातीतलं शहाणपण! मी त्याला म्हटलं, "भाई साब, असली चीज़ तो आपके पास है. अख़बार! इसके सामने ये जैकेट क्या है!"

त्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "अख़बार?" तो म्हणाला. "भाई, मैं तो जाड्डे में मरूँ सूँ. तू अख़बार ले ले, जैकेट मन्ने दे दे." (मी थंडीनं मरतोय. वर्तमानपत्र तू घे, जाकीट मला दे.)

जाकीट दुसऱ्याचं आहे म्हणून मी सुटलो. वर्तमानपत्र मात्र त्यानं खरंच काढून माझ्या हातात दिलं, माझी श्रद्धा पाहून. मग त्यानं आणि सुनंदानं मागून धक्का मारला. मी दुसरा गिअर टाकून वर बसलो, वेग आला तसा क्लच सोडला, गाडी खोकली, शिंकली, आणि सुरू झाली. दूधवाला दिल्लीकडे गेला. मी पिन काढून खिशात ठेवली आणि त्याचं वर्तमानपत्र जाकिटाच्या आत सारलं.

छातीवर वधू-वर जाहिरातींचं पान आलं होतं. मुरथलपर्यंत त्या सगळ्या सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष मुली माझ्या छातीशी होत्या, आणि एकीचाही उपयोग झाला नाही. वारा एका मजकुरातून शिरायचा आणि दुसऱ्यातून निघायचा. वर्तमानपत्रानं थंडी थांबते ही अफवा वर्तमानपत्रवाल्यांनीच पसरवली असणार. मातीतल्या शहाणपणाबद्दल मी यापुढे जपून बोलणार आहे.

ढाबा म्हणजे लग्नाचा मांडव होता. बाहेर शंभर मोटारसायकली, आत शंभर माणसं हेल्मेट कुशीत घेऊन बसलेली. परोठा येतो तो थाळीएवढा, आणि त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा. तो एवढा, की एक मनुष्य खाताना त्याच्या आड गेला तो बिल येईपर्यंत कुणाला दिसला नाही. परोठा बरा होता. बरा, म्हणजे बटाट्याचा होता. साठ किलोमीटर गारठून आलेल्याला लाकूड तळून दिलं तरी तो चटणी मागतो.

नेने कोपऱ्यात पाय पसरून बसला होता. त्याच्या पायांतून मंद लाल प्रकाश येत होता. मोजे चालू होते.

"काय बॉस, एवढा उशीर?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. धुक्यापाशी आलो तेव्हा त्यानं घास खाली ठेवला.

"इंजिन बंद करून जॅकेट चालू ठेवलं? अरे, तेच तर सांगत होतो तुला! इंजिन बंद तर पिन बाहेर. सगळ्यात इम्पॉर्टंट! जुनी गाडी आहे यार, बॅटरी केवढीशी! कोण करतं असं?"

"आम्ही दोघांनी केलं," सुनंदा म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिला सगळं माझ्यावर ढकलता आलं असतं. हक्क होता तिचा. तिनं लोण्याचा गोळा बाजूला सारला, परोठ्याचा तुकडा मोडला आणि शांतपणे म्हणाली, "जाकीट चांगलं आहे, नेने भावजी. पण गाडी द्यायची. माझं ठरलं."

"अगं, जाकिटामुळे..."

"जाकिटामुळे नाही. ट्रकमुळे. शाल गेली, आपण नाही गेलो. पुढच्या वेळी उलटं झालं तर?"

नेनेनं मोजे बंद केले. त्याच्याकडून तेवढंच सांत्वन मिळण्यासारखं होतं.

परतीच्या वाटेवर धुकं निघून गेलं होतं आणि ऊन पडलं होतं. दिल्लीकडचं जानेवारीतलं ऊन साहेबाच्या कौतुकासारखं असतं. दिसतं, अंगाला लागत नाही. दोन्हीकडे मोहरीची शेतं पिवळी झाली होती, उसाच्या ट्रॉल्या डुलत चालल्या होत्या, एका गुऱ्हाळातून गुळाचा वास आला. एरवी मी यावर दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी मी फक्त गाडीचा आवाज ऐकत होतो. वाटेत एकदाही इंजिन बंद केलं नाही. सिग्नलला शेजारचे लोक पाहायचे. पाहू दे. घराण्याची अब्रू कुंडलीपाशी गेलीच होती. सुनंदाचे हात माझ्या खिशांत होते. जाकीट चालू होतं, पण या वेळी हात कोपरापर्यंत आत आले नाहीत.

वैभव चारच्या सुमाराला आला. मुनिरक्याहून मयूर विहारपर्यंत मित्राची मोटारसायकल घेऊन आला होता, सराव म्हणून. सडपातळ, हसरा, अंगात हिंगोलीच्या दुकानातलं पातळ जर्किन. खाली जाऊन त्यानं माझी गाडी पाहिली आणि टाकीवरून हात फिरवला. फिरवला त्यावरून कळलं की माणूस जाणकार आहे. मला तो तत्काळ नावडला.

वर आला. सुनंदानं त्याच्या हातात चहाचा कप दिला. कप सरळ खाली पडला. दुसरा दिला, तो त्यानं दोन्ही तळव्यांत पकडला, बोटं न वाकवता, खारीसारखा.

"हातमोजे कुठेत तुझे?" सुनंदानं विचारलं.

"नाही मॅडम. हिंगोलीला लागत नाहीत."

"हे हिंगोली आहे?"

"सवय होईल ना मॅडम." तो हसला. बोटं निळसर पडली होती. "ऑफिसला रोज गाडीनंच येईन. सुट्टीत वर पहाडात जायचंय. आईला अजून सांगितलं नाही गाडीचं. घेतली की फोटो पाठवतो."

सुनंदा त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. मग उठली, त्याच्या हातातला कप काढून घेतला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरून चोळायला लागली. ते पोरगं लाजून लाल झालं, बोटं सोडून.

"गाडी विकायची नाही," ती म्हणाली.

"पण मॅडम, शुक्रवारी तर तुम्ही..."

"शुक्रवारी म्हटलं होतं. आज नाही म्हणतेय. तू मेट्रोनं येत जा."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आनंद दाबून धरायला माणसाला कुठेतरी पाहावं लागतं. तिळाच्या वड्यांची पुडी आणि माझे लोकरीचे हातमोजे घेऊन तो गेला, आणि वाटेत हातमोजे काढायचे नाहीत अशी जिन्यापर्यंत तीनदा ताकीद घेऊन गेला.

दार लागल्यावर मी म्हटलं, "मग? जिंकलो ना मी?"

"तुम्ही कुठले जिंकताय!" ती म्हणाली. "तुमच्या मागे मी बसते. शाल धरायला. त्याच्या मागे कोण बसणार?"

प्रवासानं माणूस शहाणा होतो, असं सगळ्या प्रवासवर्णनांत शेवटी लिहिलेलं असतं. मी मुरथलला जाऊन आलो, आणि माझं मत आहे तेच आहे: विजेवर तापणारे कपडे हे ज्यांना थंडी वाजते अशा माणसांचे चोचले आहेत. फक्त अशी माणसं आमच्या घरात दोन निघाली. नेनेला मी फोन केला आणि जाकीट कुठून घेतलं ते विचारलं. तो हसत असताना फोन ठेवून दिला.

"एकच मागवू," मी सुनंदाला म्हटलं. "दोन जाकिटं ही बॅटरी ओढायची नाही."

"मग आळीपाळीनं. जाताना मी, येताना तुम्ही."

"येताना ऊन असतं."

"हो ना," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.